गाडीतलं पाणी

पोत्यावर उताणी पडून दीक्षानं गाडीखाली हात घातला आणि रेडिएटरच्या तळाचा प्लग चिमटीत धरून पिळला. प्लग हलला नाही. ओढणीचं टोक बोटांभोवती गुंडाळून तिनं पुन्हा जोर लावला, तेव्हा कुठं तो करकरला.

"सावकाश, अव्वा," वरून माणिकप्पा म्हणाले. "पिलास्टिकचा हाय त्यो. तुटला म्हंजे बसावं लागंल रडत."

माणिकप्पा पलीकडच्या गल्लीत राहत. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये त्यांची एकतीस वर्षं इंजिनं उघडण्यात गेली होती. आता गुडघ्यांनी दगा दिला होता, त्यामुळं स्टुलावर बसून ते नुसतं सांगत होते. घरची भाषा कानडी, म्हणून कुठल्याही मुलीला ते अव्वाच म्हणत. दीक्षा एक्केचाळीस वर्षांची होती, शाळेत मुलं तिला बाई म्हणत, पण माणिकप्पांच्या हिशेबी ती अजून मुलगीच होती.

"इंजिन गार हाय न्हवं? गरम असताना वरचं झाकण उघडलं तर तोंड भाजंल."

"आठ महिने झाले, काका. गारच हाय."

माणिकप्पांनी स्टूल जरा पुढं ओढलं.

गाडी मार्चपासून अंगणातल्या कडुलिंबाखाली उभी होती. काचांवर धूळ साचली होती, टपावर पाखरांनी घाण केली होती. दीक्षा शाळेला एस.टी.नं जायची, भाजीला पायी जायची, आणि अंगणातून ये-जा करताना गाडीकडं न बघता जायची सवय तिनं लावून घेतली होती. पण आईला तपासणीसाठी सोलापूरला न्यायचं होतं. प्रसेनजित, तिचा थोरला भाऊ, धाराशिवहून गाडी घेऊन येतो म्हणाला आणि दोनदा त्याला सुट्टी मिळाली नाही. तिसऱ्यांदा दीक्षानं त्याला विचारलंच नाही. काल शाळा सुटल्यावर तिनं कूलंटचा कॅन आणि बॅटरीचं पाणी विकत घेतलं आणि तशीच माणिकप्पांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"गॅरेजात का देत न्हाईस?" त्यांनी विचारलं होतं.

"माझ्या हातानं करायचंय. तुम्ही फक्त सांगा."

का, ते त्यांनी विचारलं नाही. का ते सगळ्या मुरूम गावाला माहीत होतं.

मार्चमध्ये एका सकाळी आईच्या, विठाबाईंच्या, हातातून चहाची बशी पडली आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. दीक्षानं आईला मागच्या सीटवर आडवं केलं आणि सोलापूरचा रस्ता धरला. येणेगूर मागं पडलं, जळकोट दिसायला लागलं आणि तापमानाचा काटा एकाएकी वर सरकला. बॉनेटमधून वाफ निघाली. हमरस्त्यावर हात करून करून तिचा खांदा भरून आला. शेवटी एक ट्रकवाला थांबला आणि त्यानं जळकोटहून मिस्त्री पाठवून दिला. इंजिन निवेपर्यंत मिस्त्रीनं वाट पाहिली, कॅनमधून पाणी ओतलं आणि हळू चालवा म्हणून सांगितलं. पुढं आणखी दोनदा थांबावं लागलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनची वेळ निघून गेली. तासभर आधी पोचला असता तर हात वाचला असता.

मग प्रसेनजित आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात संघप्रियावहिनी होती, तिच्या माहेरची चार माणसं होती. त्या सगळ्यांसमोर तो दीक्षाला म्हणाला, "एवढी शिकलेली तू, गाडीतलं पाणी बघता येत न्हाय? तुला गाडी दिली हीच माझी चूक."

"दादा, पाणी होतं. आदल्या दिवशीच बघितलं होतं मी."

"असतं तर तापली असती का?"

वडील, पिराजी, गेले तेव्हा दीक्षा दहा वर्षांची होती आणि प्रसेनजित अठराचा. तिच्या वह्या-पुस्तकांपासून डी.एड.पर्यंत सगळं त्यानं केलं होतं. स्वतःला नवी गाडी घेतली तेव्हा जुनी विकली नाही, बहिणीला शाळेला जायला दिली. हे दीक्षानं गल्लीत सगळ्यांना हौसेनं सांगितलं होतं. तो खोटं कशाला बोलेल? मग रोज थोडं थोडं करत तिनं स्वतःलाच खोटं पाडलं. बॉनेट उघडलं होतं ते खरंच आदल्या दिवशी, की त्याच्या आदल्या आठवड्यात? रेडिएटरशेजारच्या डबीतलं पाणी डोळ्यांनी बघितलं होतं, की बघायचं असं नुसतं मनात आलं होतं? उन्हाळा संपेपर्यंत तिची खात्री झाली, की आपण बघितलं नव्हतं.

रोज संध्याकाळी ती आईच्या उजव्या हाताला तेल लावायची. बोटं एकेक करून उघडायची, मिटायची. पावसाळ्यात विठाबाईंना थोडं थोडं बोलता यायला लागलं, दोन शब्द, मग तीन. एका संध्याकाळी तेल लावता लावता दीक्षानं त्या निर्जीव हातावर डोकं टेकलं. "आई, माझ्यामुळं झालं गं हे सगळं." विठाबाईंचा डावा हात बराच वेळ तिच्या केसांवरून फिरत राहिला. मग त्या म्हणाल्या, "असू दे." त्या दिवसापासून दीक्षाला झोप लागायला लागली.

प्लग निघाला. खालच्या घमेल्यात पाण्याची बारीक धार पडली, पडली न पडली तोच थांबली.

"एवढंच?" माणिकप्पा स्टुलावरून पुढं झुकले. "चार लिटर तरी यायला पायजे. प्लगात कायतरी अडकलंय. खालचा मोठा पाइप दिसतोय का? त्याची क्लिप ढिली कर. आन तोंड बाजूला घे."

दीक्षानं पक्कडीनं क्लिप सरकवली आणि पाइप हिसडून ओढला. घमेल्यात भसकन पाणी आलं आणि तिच्या कोपरापर्यंत उडालं. आधी ते गढूळ वाटलं. मग पाण्यामागून घट्ट, पिवळट तपकिरी गाळ गठळ्या-गठळ्यांनी यायला लागला, पिठलं बिघडावं तसा. तो तिच्या मनगटाला चिकटला. तिनं घमेलं ओढून बाहेर काढलं.

"गंज हाय का हा, काका?"

माणिकप्पांनी दोन बोटं गाळात बुडवली, एकमेकांवर चोळली आणि नाकाजवळ नेली. मग तीच बोटं त्यांनी तिच्यापुढं धरली.

दीक्षानं वास घेतला. कुबट, शिजलेला वास होता, पण स्वयंपाकघरातला होता.

"हळद?"

"हळद. गाडी गळाय लागली की डायवर लोक टाकत्यात. जुना इलाज हाय. फुगून बसती आन भोक बुजतंय. पर ते मुक्कामाला पोचंपत्तूर. पोचल्यावर धुऊन काढावं लागतंय. न्हाय तर ह्या आतल्या बारीक नळ्या भरून जात्यात. मग वर डबीत पाणी टच्च दिसतंय, आन खाली ते फिरतच न्हाय."

दीक्षा पोत्यावर उठून बसली होती. "डबीत पाणी दिसतं?"

"दिसतंय की."

"म्हंजे बॉनेट उघडून कुणी बघितलं, तर त्याला पाणी दिसंल?"

"कुणालाबी दिसंल. तू बघितलं व्हतंस का न्हाय ते मला ठाव न्हाय, अव्वा. पर बघितलं असतंस तरी गाडी तापलीच असती."

तिनं ओढणीनं मनगट पुसलं. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"जळकोटच्या मिस्त्रीनं टाकली असंल?"

"तू व्हतीस न्हवं तिथं?"

"व्हते. त्यानं नुसतं पाणी ओतलं. कॅन माझ्याच हातात होता." ती थांबली. "आणि गाडी तर त्याच्या आधीच तापली होती."

"तुज्याकडं कवा आली ही?"

"जानेवारीत. त्यानंतर कुणीच हात लावला न्हाय."

गाडी जानेवारीच्या आधी कुणाची होती ते माणिकप्पांनाही ठाऊक होतं. काढलेला पाइप त्यांनी उचलला, उन्हात धरून वाकवला. टोकाशी नखाएवढी चीर होती.

"हितनं गळत व्हतं. एवढासा पाइप. बदलला असता तर..." ते उठले. "स्टँडपाशी दुकान उघडं असंल. म्या घिऊन येतो. तवर तू वरनं पाणी सोड, आन सोच्छ येईपत्तूर सोडतच ऱ्हा."

त्यांची मोपेड गल्लीच्या वळणाला गेली. दीक्षानं घमेलं उचललं आणि न्हाणीघराच्या मागं नेऊन ठेवलं. वर फुटकं पत्र्याचं झाकण टाकलं, कुत्र्यानं तोंड घालू नये म्हणून. पण खरं कारण ते नव्हतं. ओसरीवर आईची खाट होती. तिथून अंगण दिसायचं, आणि ते पिवळं पाणी आईच्या नजरेला पडायला नको होतं.

प्रसेनजित एक रविवार आड यायचा. आज त्याचा रविवार होता. त्याच्या रविवारी विठाबाई सकाळपासून डाव्या हातानं पदर सारखा करत बसायच्या, आणि रस्त्यावर कुठल्याही गाडीचा आवाज आला की विचारायच्या, "आला?" तो तासभर बसायचा, मोसंबी सोलून एकेक फोड आईच्या तोंडात घालायचा, आणि त्या तासाभरात विठाबाईंचं वाकडं तोंडसुद्धा सरळ दिसायचं. आपल्या लेकानं असली गाडी दिली, आणि वर दोष बहिणीच्या माथी मारला, हे त्यांना कळलं तर? त्या उरल्यासुरल्या मोडून पडतील. दीक्षानं रेडिएटरच्या तोंडाला नळी लावून पाणी सोडलं आणि ठरवून टाकलं. जे बोलायचं ते दादाशी. आईला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही.

"झालं... का?" ओसरीवरून विठाबाईंचा आवाज आला.

"होतंय, आई."

खालून पिवळं पाणी वाहत होतं. ते हळूहळू फिकट झालं. मग नुसतं धुरकट. आणि स्वच्छ धार यायला लागली तेव्हा फाटकाशी हॉर्न वाजला.

प्रसेनजितच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती. शर्ट इस्त्रीचा, केसांना नुकताच कलप लावलेला. मातीनं माखलेल्या बहिणीला बघून तो हसला.

"अरे वा. मॅडम मिस्त्री झाल्या का?" मग त्याचं लक्ष मातीत गेलं. पाणी वाहून गेलं होतं, पण त्याच्या वाटेवर पिवळा ओघळ उमटला होता. त्याचं हसू तिथंच थांबलं.

दीक्षानं नळ बंद केला. "न्हाणीघराच्या मागं घमेलं हाय. बघून ये."

"कशाचं?"

"बघून ये, दादा."

तो गेला नाही. मोसंब्यांची पिशवी त्यानं या हातातून त्या हातात घेतली.

"तात्पुरती टाकली होती," तो खालच्या आवाजात म्हणाला. "गाडी तुला द्यायला आणत होतो, नळदुर्गच्या अलीकडं गळायला लागली. म्हटलं पोचू तर दे, मग पाइप बदलून देऊ. नंतर कामाच्या गडबडीत विसरून गेलो. खरंच विसरलो, दीक्षा."

"दवाखान्यात आठवलं होतं का?"

त्यानं बुटानं मातीतला पिवळा ओघळ पुसायला घेतला.

"मी म्हणत होते, पाणी होतं. मी बघितलं होतं. तुला म्हाईत होतं मी खरं बोलतेय ते."

"संघप्रियाच्या घरची सगळी उभी होती तिथं. आई आत तशी. माझी मती चालंना. तोंडातून निघून गेलं."

"एकदा निघून गेलं. मग आठ महिने?"

"एकदा बोलल्यावर मागं कसं घ्यायचं, तू सांग." त्याचा आवाज चढला आणि लगेच ओसरीकडं बघून उतरला. "रोज वाटायचं सांगावं. तुझं तोंड बघितलं की धीर व्हायचा न्हाय."

दीक्षाला वाटलं होतं, आपण ओरडू. पण ती गाडीच्या पत्र्याला टेकली. मग म्हणाली, "हे बघ. तुझं माझं काय असंल ते आपण नंतर बघू. पण आईला यातलं कळता कामा नये. आत जा, नेहमीसारखा बस. मोसंबी सोलून दे तिला. ती सकाळपासून वाट बघतीय."

प्रसेनजित जागचा हलला नाही. त्यानं वर कडुलिंबाकडं बघितलं, मग फाटकाकडं. इथंच तो हो म्हणाला असता आणि आत गेला असता, तर त्याचं निभावलं असतं. पण आठ महिने एकट्यानं वागवलेलं ओझं कुणाच्या तरी अंगावर टाकायची घाई त्याला झाली होती.

"आईला म्हाईत हाय," तो म्हणाला.

"काय म्हाईत हाय?"

"ती होती गाडीत. आमच्याकडं महिनाभर राहून तुझ्याकडंच यायला निघाली होती न्हवं? हळद तिच्याच पिशवीतली. तुझ्यासाठी दळून आणली होती तिनं. तिनंच काढून दिली." आणि लगेच त्यानं भर घातली, "मी एकटाच न्हाय गप्प बसलो."

दीक्षानं हात धुतले. साबण लावून, नखांतला पिवळा रंग घासून घासून काढला. तो पूर्ण गेला नाही. मग ती पायऱ्या चढून ओसरीवर गेली.

विठाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांची नजर अंगणाकडं नव्हती, मांडीवरच्या उजव्या हाताकडं होती. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. लकव्यानं कान गेले नव्हते.

दीक्षा खाटेच्या कडेला बसली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याखाली पिराजींचा.

"मी तुझी माफी मागितली, आई," दीक्षा म्हणाली. "तवा तरी सांगायचंस."

विठाबाईंनी ओठ हलवले. शब्द जुळवायला त्यांना नेहमीच वेळ लागायचा. दीक्षा एरवी अर्धा शब्द ऐकूनच पुढचं वाक्य पुरं करून द्यायची. आज तिनं ते केलं नाही. ती थांबून राहिली.

"तू... घरची," विठाबाई म्हणाल्या. "तू... कुठं जातीस?"

दम लागला म्हणून त्या थांबल्या. डाव्या हातानं त्यांनी पदराचं टोक धरलं.

"त्यो... यायचा... बंद झाला असता."

दीक्षानं मान हलवली, जणू एखादं अवघड गणित तिला आता समजलं होतं. तिनं आईचा घसरलेला पदर खांद्यावर नीट बसवला, पाण्याचा तांब्या डाव्या हाताला येईल असा सरकवला आणि ती उठली. विठाबाईंचा डावा हात तिच्या ओढणीकडं आला. पण तोपर्यंत ती पायऱ्या उतरली होती.

माणिकप्पा नवा पाइप घेऊन परत आले तेव्हा भाऊ-बहीण दोघंही अंगणात होते आणि त्यांच्यामध्ये गाडी होती.

"जयभीम, काका," प्रसेनजित म्हणाला.

"जयभीम." माणिकप्पांनी एकदा त्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं आणि ते स्टुलावर बसले. "अव्वा, आदी प्लग बसव. लई आवळू नगं. मग पाइप."

दीक्षा पुन्हा पोत्यावर आडवी झाली. प्लग बसवला, नवा पाइप दाबून चढवला, क्लिप जागेवर सरकवली. "धरू का काही?" असं प्रसेनजितनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं पक्कड स्वतःच उचलली. स्वच्छ बादलीत तिनं अर्धं कूलंट आणि अर्धं बॅटरीचं पाणी मिसळलं. हिरवंगार द्रावण झालं. नरसाळ्यातून ते हळूहळू रेडिएटरमध्ये ओतलं, काठापर्यंत.

"आता झाकण उघडंच ऱ्हाऊ दे आन इंजिन चालू कर. हीटर फुल सोड. आत हवा अडकलेली असती, ती बुडबुड्यानं वर येती. आली की पातळी खाली जाईल. मग आणखी घाल."

बॅटरी कधीच उतरली होती. प्रसेनजितच्या गाडीला वायर लावून इंजिन सुरू करावं लागलं. तेवढी एक मदत तिनं घेतली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि एका लयीत चालायला लागलं. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले. दीक्षा वाकून बघत राहिली, पातळी उतरली की थोडं ओतत राहिली. बुडबुडे थांबल्यावर तिनं झाकण पक्कं लावलं आणि बाजूच्या डबीत दोन रेघांच्या मध्ये येईल इतकं द्रावण भरलं. काटा खालून निघाला, चढत चढत मध्यावर आला. तिनं श्वास धरला. तेवढ्यात पंखा घरघरत सुरू झाला, काही वेळानं आपोआप बंद झाला, आणि काटा मध्यावरच राहिला.

"बास," माणिकप्पा म्हणाले. "नळ्या मोकळ्या झाल्यात. आता वीस-तीस किलोमीटर फिरवून आण. काटा हलला न्हाय तर समज गाडी झाली." उठता उठता ते थोडे रेंगाळले. "चांगलं केलंस. हाताला सवय न्हाय, पर चांगलं केलंस." आणि ते फाटकातून बाहेर पडले.

दीक्षा आत गेली. कपडे बदलून, केस बांधून, पर्स घेऊन बाहेर आली.

"दादा, ऐक. दीडला आईला भात-वरण, मऊ कालवून. भरवताना घाई करायची न्हाय, ठसका लागतो. दोनला पांढरी गोळी. बाथरूमला न्यायचं असंल तर दुसरं माणूस लागत न्हाय, एकट्याला जमतं. चारला हाताचा व्यायाम, प्रत्येक बोट वीस वेळा. चादर ओली झाली तर कपाटात खालच्या खणात दुसरी हाय."

"अगं पण मला तीनला निघायचंय. संध्याकाळी संघप्रियाकडं पाहुणे..."

"बघ मग," दीक्षा म्हणाली आणि गाडीत बसली.

ओसरीवरून काही आवाज आला का, ते तिला इंजिनापुढं ऐकू आलं नाही.

मुरूमच्या बाहेर तुरी फुलल्या होत्या. आठ महिन्यांनी स्टिअरिंग हातात आलं होतं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर तिचे खांदे कानाला लागलेले होते. दर मिनिटाला ती काट्याकडं बघत होती. काटा मध्यावर होता. येणेगूरला हमरस्ता लागला. इथून माघारी फिरली असती तर माणिकप्पांनी सांगितलेले वीस किलोमीटर भरले असते. तिनं इंडिकेटर दिला, ट्रक जाऊ दिला आणि गाडी सोलापूरच्या बाजूला वळवली.

जळकोटच्या अलीकडं जिथं वाफ निघाली होती, ती जागा तिला ओळखूच आली नाही. तिथं आता एक नवा फलक लागला होता, बाजूला कुणीतरी कांद्याची पोती रचली होती. ती पुढं गेली आणि जळकोटमध्ये रस्त्याकडेच्या हॉटेलपाशी थांबली. इंजिन बंद केलं. उतरून गाडीखाली वाकून बघितलं. जमीन कोरडी होती.

ती बाकावर बसली आणि तिनं चहा सांगितला. रविवारचा हमरस्ता वाहत होता. समोर कुणाचं तोंड बघायचं नव्हतं, कुणाला काही भरवायचं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा तिनं ते पुसलं नाही. हॉटेलवाल्यानं चहाचा कप ठेवला आणि भला माणूस, दुसरीकडं बघत निघून गेला.

फोन वाजला. पहिल्यांदा तिनं वाजू दिला. दुसऱ्यांदा उचलला.

"दीक्षा, आईला बाथरूमला जायचंय. मला उठवताच येईना. दुखतंय म्हणते. कुठं धरायचं?"

मागून विठाबाईंचा कण्हल्यासारखा आवाज येत होता. दीक्षानं डोळे मिटले.

"हाताला धरून ओढू नको, उजवा खांदा सुटल्यासारखा झालाय तिचा. तू तिच्या उजव्या अंगाला उभा राहा. तुझा हात तिच्या पाठीमागून कमरेला घाल. तिला म्हण, डावा पाय आधी टेक. मग एक-दोन-तीन म्हणून दोघांनी मिळून उठायचं. घाई करू नको. तिला भीती वाटते पडायची."

"थांब, फोन खाली ठेवतो."

सरकण्याचा, खाट करकरण्याचा आवाज आला. प्रसेनजितचं एक, दोन, तीन ऐकू आलं. मग पावलं घासत गेल्यासारखी वाटली, आणि बराच वेळ काहीच नाही. दीक्षानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग त्याचा धापा टाकणारा आवाज आला.

"नेलं. बसवलं." थोडं थांबून तो म्हणाला, "तू हे रोज करतीस?"

दीक्षानं चहाचा एक घोट घेतला.

"कुठं हायस तू? तास होऊन गेला. गाडी तापली का परत?"

"न्हाय. गाडीला काय झालं न्हाय."

"मग कुठं अडकलीस?"

"कुठंच न्हाय," दीक्षा म्हणाली. "बसलेय."

फोन बंद करून तिनं तो पर्समध्ये टाकला आणि हॉटेलवाल्याला हात करून आणखी एक चहा सांगितला. आधीचा अजून अर्धा कपात होता.